दुरुस्तीची मजुरी

मृगाच्या पहिल्या सरी कोसळल्या की जळगाव आणि धुळे या आमच्या खानदेशी शहरांतील पांढरपेशा घरांतून एक ठरावीक गाऱ्हाणे ऐकू येऊ लागते. उन्हाळ्यात केलेली गच्ची गळते, नवा नळ पाझरतो, दाराची चौकट फुगून बसते; आणि ज्याने काम केले त्या कारागिरास बोलावणे धाडावे तर तो दुरुस्तीची निराळी मजुरी मागतो. मग ‘काम बिघडविणारा हाच, आणि वर दामही यालाच!’ असा एकच गिल्ला होतो. या गिल्ल्यात आम्हीही आवाज मिसळलेला आहे, हे आधीच कबूल केलेले बरे.

कारागिराच्या हातून राहिलेला दोष त्याने स्वखर्चाने काढून द्यावा, याविषयी आमच्या मनात तिळमात्र संदेह नाही. हे तत्त्व काही आजचे नव्हे. सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वी बाबिलोनच्या हम्मुराबी राजाने, बांधलेल्या घराची भिंत कलली तर बांधणाऱ्याने ती आपल्या पैशाने मजबूत करून द्यावी, असे आपल्या कायद्यात लिहून ठेविले. फ्रान्सच्या 1804 च्या दिवाणी संहितेने इमारतीच्या मोठ्या दोषांची जबाबदारी बांधणाऱ्यावर दहा वर्षे ठेविली. आमच्याकडील 2016 च्या स्थावर संपदा कायद्यानेही, ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामाचा दोष दाखवून दिल्यास विकासकाने तो तीस दिवसांत, जादा पैसे न घेता दूर करावा, असे बजावले आहे. पण हा कायदा सदनिका विकणाऱ्या विकासकाला लागू. आपल्याच जागेवर आपणच मिस्त्री लावून घर बांधणाऱ्याला त्याचा आधार नाही. त्याला ग्राहक आयोगाकडे जाता येते हे खरे, पण दोन-तीन हजारांच्या कामासाठी ती पायरी कोण चढतो? तेथे उभयतांची नीती हाच काय तो कायदा.

धुळ्याच्या आमच्या एका स्नेह्याच्या न्हाणीघरात भिंतीत पुरलेल्या नळाचा जोड महिन्याभरातच सुटला. नळ उत्तम प्रतीचा, मजुरी मागेल तितकी दिलेली. जोड मात्र कच्चा. तो पुन्हा जोडण्यास नळवाल्याने दाम मागितले. हे निखालस गैर होय. जो जोड त्याने विकला तो त्याने दिलाच नव्हता. तेव्हा दुसऱ्या खेपेचे पैसे म्हणजे एकाच मालाची दोनदा किंमत. यावर कोणी म्हणेल, रोग बरा झाला नाही तरी वैद्य पुन्हा फी घेतो, आणि विद्यार्थी नापास झाला म्हणून तुम्ही प्राध्यापक तरी पगार कोठे परत करता? टोला मर्मी लागतो खरा. परंतु वैद्य रोग्याच्या प्रकृतीशी झगडतो आणि आम्ही विद्यार्थ्याच्या आळसाशी. नळाला प्रकृती नसते.

येथवर आमचे वाचक माना डोलावतील. आता आमच्या गच्चीची हकीकत ऐकावी. आखाजीच्या आत काम उरकावे अशी घरात घाई. मिस्त्रीने विटांच्या कोब्याचा जो दर सांगितला, तो आम्ही घासाघीस करून बराच खाली आणला. विटांचा थर कमी कर, उतार थोडा कमी चालेल, असेही आम्हीच सुचविले. आषाढात पुस्तकांच्या कपाटावर पाणी ठिबकू लागले. मिस्त्रीने दोन दिवसांची मजुरी मागताच आमचा पारा चढला. तो शांतपणे गच्चीवर फिरला, भेगा पाहिल्या आणि म्हणाला, “सर, कोब्यावर पाणी किती दिवस मारलं होतं?”

आम्ही निरुत्तर झालो. सिमेंटचे काम झाल्यावर ते निदान सात दिवस ओले ठेवावे लागते, हे त्याने बजावून सांगितले होते. वैशाखात आमच्याकडे उन्हाचा पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांवर जातो. त्या उन्हात न भिजलेला कोबा तडकणार नाही तर काय होईल? आम्ही दोन दिवस पाणी मारले आणि मग लग्नाला निघून गेलो.

वडीलधारी मंडळी सांगतात की पूर्वी कारागीर दुरुस्तीचे पैसे मागत नसत. हा भ्रम आहे. बलुतेदारीत सुतार वर्षभर नांगराची डागडुजी करी आणि तिची वेगळी मजुरी घेत नसे. परंतु सुगीला खळ्यावरून तो आपल्या वाट्याचे धान्य घेऊन जाई. डागडुजी त्या धान्यात आधीच मोजलेली होती. ती रीत तरी निर्दोष कोठे होती? त्रिंबक नारायण आत्रे यांनी 1915 साली ‘गावगाडा’ ग्रंथात बलुतेदारीची जी झाडाझडती घेतली, ती जुन्या काळाचे गोडवे गाणाऱ्यांनी अवश्य वाचावी. खानदेशातील जुन्या धाब्याच्या घरांचेही तेच. पावसापूर्वी धाब्यावर नवी माती टाकून ती चोपून बसवावी लागे. पहिल्या वर्षी घातलेली माती जन्मभर टिकावी, असा हट्ट कोणी धरीत नसे.

म्हणजे दुरुस्ती फुकट कधीच नव्हती. ती मूळ दामात असे. ज्याने पुरते दाम दिले आणि कारागिराला त्याच्या रीतीने काम करू दिले, त्याने दुरुस्ती हक्काने मागावी. पण ज्याने दर घासताना त्यातली दुरुस्तीच कापून काढली, त्याने ती कोणत्या तोंडाने मागावयाची? सराफाकडे मजुरीवरून ओढाताण करणारे आम्ही, सोने कमी घाला असे मात्र कधी सुचवीत नाही. गवंड्यापुढे हा विवेक का सुटतो? तो लेखी करार करीत नाही आणि त्याचा आवाज आमच्यापुढे चढत नाही, म्हणून तर नव्हे?

सरकारी बांधकामाच्या कंत्राटात दोष-दुरुस्तीची मुदत ठरलेली असते, आणि तोवर बिलातील काही रक्कम अनामत राहते. घरगुती कामातही दहावा हिस्सा गणपतीपर्यंत राखून ठेवावा, पाणी कोणी मारावयाचे हे कागदावर लिहावे, असे आम्ही त्या मिस्त्रीला सुचविले. त्याला ते पसंत पडले. फक्त त्याने विचारले की, गेल्या दोन घरांत असाच राखून ठेवलेला पैसा अद्याप हाती आलेला नाही, तो मागावयास त्याने कोणत्या महिन्यात जावे?