नामनिर्देशनाचा अर्ज

बँकेच्या सेवेतील माझ्या पस्तीस वर्षांत नामनिर्देशनाचे किती अर्ज हातांखालून गेले, याची गणती नाही. ‘आपल्या पश्चात रक्कम कोणास द्यावी?’ या रकान्यापाशी आलेला खातेदार हमखास थबकत असे. कापडाच्या एका गठ्ठ्याचा भाव चार ठिकाणी विचारणारे व्यापारीही तेथे ‘ते नंतर पाहू’ म्हणून अर्ज परत करीत. त्या साऱ्या कारकिर्दीत हा प्रश्न मला स्वतःहून कोणी विचारला नव्हता. तो निवृत्तीनंतर विचारला गेला आणि विचारणारा नऊ वर्षांचा होता.

माझ्या मामेभावाचा तो नातू. घरात हळदीची अडत, तीन पिढ्यांचे एकत्र कुटुंब. मुलाच्या मेंदूत गाठ निघाली. मुंबईत शस्त्रक्रिया झाली, किरणोपचार झाले, आणि एके दिवशी डॉक्टरांनी वडिलांना बसवून सांगितले, की आता रोग थांबविणारे औषध उरलेले नाही. मात्र मुलासाठी करण्यासारखे पुष्कळ आहे. या वाक्याचा उत्तरार्ध घरात कोणाच्या कानांत शिरला नाही. तो शिरला तो एका परिचारिकेमुळे. एका सेवाभावी संस्थेतर्फे त्या आठवड्यातून दोनदा घरी येऊ लागल्या. पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे वेदना व त्रास यांचा परिहार करणारी शुश्रूषा, हे त्यांचे क्षेत्र. त्यातही त्या मुलांकडे पाहणाऱ्या.

परिचारिका म्हणजे सलाइन आणि इंजेक्शन, अशी माझी समजूत होती. पहिल्या दिवशी त्या आल्या आणि जमिनीवर मांडी घालून मुलाबरोबर ‘व्यापार’ खेळू लागल्या. मामेभावाने माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्यात ‘याचेच का पैसे देतात?’ असा प्रश्न होता. (पैसे त्याला द्यावे लागत नव्हते, हे नमूद केले पाहिजे.) पाऊण तासानंतर सिस्टर बाहेर आल्या तेव्हा त्यांना कळलेले होते, की मुलगा डाव्या हाताने फासे टाकतो कारण उजवा हात जड पडू लागला आहे, मान वळवताना त्याचे ओठ घट्ट मिटतात, आणि चार दिवस त्याला शौचास झालेले नाही. घरातल्या अकरा माणसांपैकी एकालाही यातील शेवटची गोष्ट ठाऊक नव्हती.

वेदना मोजायची कशी? ताप काट्यावर दिसतो, वेदना दिसत नाही. सिस्टरांजवळ सहा चेहऱ्यांचे एक चित्र होते, हसऱ्या चेहऱ्यापासून रडणाऱ्या चेहऱ्यापर्यंत, शून्य ते दहा गुणांचे. अमेरिकेतील डोना वाँग ही परिचारिका आणि कॉनी बेकर यांनी भाजलेल्या मुलांबरोबर काम करताना गेल्या शतकाच्या नवव्या दशकाच्या आरंभी ही पट्टी घडविली. मूल बोट ठेवते आणि आपण आकडा लिहितो. सिस्टरांनी मामेभावाला एक वही करावयास सांगितली: वेळ, दिलेली मात्रा, चेहऱ्याचा आकडा. आयुष्यभर कीर्द लिहिलेल्या माणसाला इतका नेमका हुकूम प्रथमच मिळाला असावा. त्याने लाल बांधणीची वही आणली, रकाने आखले, आणि त्या दिवसापासून हा गृहस्थ दुकानात न जाता नातवाच्या उशाशी बसू लागला.

औषध होते मॉर्फिन. हे नाव ऐकताच घर हादरले. मॉर्फिन म्हणजे अफू, अफू म्हणजे व्यसन, आणि ते सुरू केले म्हणजे संपलेच! ही भीती घराघरांतली नव्हे, कायद्याच्याही पोटातली आहे. अमली पदार्थांविषयीच्या 1985 च्या कायद्यानंतर या औषधाभोवती परवान्यांचे इतके कुंपण उभे राहिले, की ज्या देशात अफूचे अधिकृत पीक निघते त्याच देशात वेदनाग्रस्त रुग्णाला मॉर्फिन मिळणे दुर्घट झाले. 2014 च्या दुरुस्तीने ते काहीसे सुलभ झाले. जागतिक आरोग्य संघटनेने 2012 मध्ये मुलांसाठी सांगितलेला मार्ग सरळ होता. सौम्य वेदनेला साधी वेदनाशामके, त्यापुढील वेदनेला मॉर्फिनसारखे औषध, मुलाच्या वजनाप्रमाणे मोजून, ठरलेल्या वेळी, शक्य तोवर तोंडाने. वेदना उसळेपर्यंत वाट पाहावयाची नाही. बद्धकोष्ठ होणार हे गृहीत धरून त्याचे औषध पहिल्याच दिवसापासून द्यावयाचे.

घरात एक अडचण निराळीच होती. दर चार तासांनी द्यावयाची मात्रा म्हणजे रात्री दहा आणि पहाटे दोन. माझी वहिनी सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंब घेत नाही. तिने तोंडाने विरोध केला नाही. पण रात्री ‘झोपला आहे, कशाला उठवायचे?’ म्हणून दोनची मात्रा राहू लागली. वहीत पहाटे चारपुढचा आकडा आठ, कधी दहा. सिस्टरांनी वही उलटीसुलटी वाचली, कोणाला काही म्हटले नाही, वाद तर मुळीच केला नाही. ‘आजी, दोन रात्री तुम्ही त्याच्याजवळ निजा आणि आकडे तुम्हीच लिहा,’ इतकेच सांगितले. तिसऱ्या रात्री वहिनीने स्वतः गजर लावला. सिस्टरांनी डॉक्टरांना फोन करून रात्रीच्या मात्रेतही बदल करून घेतला आणि आकडे दोनवर आले. वेदना हा कर्मोदय आहे, तो भोगूनच सरावयाचा, असे सांगणारे आप्त भेटीस येत असत. नियम आपला असतो, वेदना मुलाची असते, एवढे वहिनीने त्यांना ऐकविले. औषधदानाची गणना चतुर्विध दानात आहे, हे मग कोणाला आठवून द्यावे लागले नाही.

आता तो प्रश्न. मुलाला मी ‘बँकवाले आजोबा’. एका दुपारी खोलीत आम्ही दोघेच असताना त्याने विचारले, ‘आजोबा, मी नसलो तर माझ्या खात्यातले पैसे कुणाला मिळतात?’ वाढदिवसांच्या पाकिटांतून साठलेली काही हजारांची रक्कम होती. मी म्हणालो, ‘असले काय विचारतोस? जूनमध्ये शाळेत जायचे आहे तुला.’ त्याने मान वळविली व डोळे मिटले. पुन्हा मला काहीही विचारले नाही.

संध्याकाळी जिन्यात सिस्टरांना हे सांगितले, काहीशा अभिमानानेच, की मी कसे निभावून नेले. त्या थांबल्या. ‘काका, त्याने तुम्हाला निवडले होते,’ त्या म्हणाल्या. ‘आईला विचारले असते तर ती रडली असती. उत्तर माहीत असलेल्या माणसाला त्याने विचारले.’

पुढे वाचनात आले, की मायरा ब्लूबाँड-लँगनर या मानववंशशास्त्रज्ञ स्त्रीने अमेरिकेतील एका रुग्णालयात रक्ताचा कर्करोग झालेल्या लहान मुलांमध्ये राहून अभ्यास केला आणि 1978 मध्ये ग्रंथ लिहिला. कोणी न सांगताही त्या मुलांना आपले भवितव्य कळलेले होते. मोठ्यांना त्रास होऊ नये म्हणून ती न कळल्याचे सोंग करीत होती. मोठेही तेच करीत होते. आमच्या घरात दुसरे काय चालले होते?

दुसऱ्या दिवशी त्याच्या वडिलांची संमती घेऊन मी गेलो. अज्ञानाच्या खात्यावर नामनिर्देशन पालकाने करावयाचे असते, त्याचा एक छापील अर्ज असतो, त्यात नाव लिहिले की रक्कम त्या व्यक्तीस मिळते, हे सारे मी त्याला एखाद्या खातेदारास सांगावे तसे सांगितले. त्याने नाव सांगितले: धाकटी बहीण. रकमेतून सायकल घ्यावयाची, पण लाल नको. वडिलांनी त्याच्यासमोर सही केली. अशी सही मी साऱ्या नोकरीत पाहिली नाही.

त्यानंतर तो सात आठवडे होता. घरीच गेला, आजीच्या हाताशी. सिस्टर पुढेही येत राहिल्या, बहिणीसाठी. ‘मी त्याच्याशी भांडले म्हणून तो गेला का?’ असे ती विचारीत असे. हेही त्यांच्या कामातलेच.

हे काम केवळ अखेरच्या दिवसांचे आहे, हा समज मात्र काढून टाकला पाहिजे. लंडनमध्ये 1967 साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उभारणाऱ्या सिसिली सॉन्डर्स आरंभी परिचारिकाच होत्या. मुलांसाठीचे जगातील पहिले हॉस्पिस 1982 मध्ये ऑक्सफर्डला निघाले, हेलन हाउस. त्याचे मूळ मृत्यूत नाही, विश्रांतीत आहे. मुलांच्या शुश्रूषेचे शिक्षण घेतलेल्या एका ख्रिस्ती साध्वी हेलन नावाच्या पूर्ण परावलंबी मुलीला मधूनमधून आपल्याकडे ठेवून घेत, म्हणजे तिच्या आईवडिलांना चार रात्री झोप मिळे. मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना सदन 1986 मध्ये सुरू झाले, कोझिकोडेची चळवळ 1993 मध्ये. स्नायूंच्या विकाराची, मेंदूच्या पक्षाघाताची मुले वर्षानुवर्षे जगतात. निदान होते त्याच दिवशी या शुश्रूषेचा आरंभ व्हावा, असे जागतिक आरोग्य संघटना 1998 पासून सांगत आली आहे.

एका धर्मादाय न्यासाचा मी कोषाध्यक्ष आहे. मागील सभेत मी अशा एका परिचारिकेचे वेतन न्यासाने द्यावे, असा प्रस्ताव मांडला. पहिला प्रश्न आला: पाटी कोठे लावावयाची? दुसरा: दरवर्षीचा बोजा कशाला? आपले दान भांडवली खर्चाकडे धावते, इमारत, यंत्र, रुग्णवाहिका. वेतन हा महसुली खर्च; वर्षअखेर ताळेबंदात त्याची मालमत्ता दिसत नाही. आपणच दिलेले एक यंत्र तंत्रज्ञाअभावी कापडाखाली झाकून आहे, हे मी सभेत सांगितले. ते कोणास रुचले नाही. मग हिशेब मांडला. सात टक्के व्याज धरले तर वेतन व प्रवासखर्चाच्या साधारण चौदा-पंधरापट मुद्दल कायम निधीत ठेवावे लागेल. वेतनवाढ धरली तर त्याहून अधिक. एका प्रवेशद्वाराच्या कमानीवर आपण खर्च केला, त्याच्याशी हा आकडा ताडून पाहा, असेही म्हणालो.

प्रस्ताव पुढील सभेवर ढकलला आहे. दोन विश्वस्तांनी मात्र सिस्टर दिवसभर नेमके करतात तरी काय, हे पाहण्याची इच्छा दर्शविली. येत्या गुरुवारी, त्या-त्या कुटुंबांच्या संमतीने, ते त्यांच्याबरोबर तीन घरी जाणार आहेत.