पोराचं वजन नका बदलू, शीड बदला

2023 च्या हांगझो आशियाई स्पर्धेत नेहा ठाकूरने शिडाच्या होडीच्या शर्यतीत रौप्यपदक जिंकलं. देवास जिल्ह्यातली शेतकऱ्याची पोरगी. समुद्र तिच्या गावालाही नव्हता. ती शिकली भोपाळच्या बड्या तलावावर, म्हणजे नागपूरहून गाडीने सहा-सात तासांवर. तिच्याआधी 2018 च्या जकार्ता स्पर्धेत तिथल्याच हर्षिता तोमरने कांस्य घेतलं होतं, आणि तेही मुलं-मुली एकत्र असलेल्या खुल्या गटात.

मग आपल्याकडे काहून नाही? अंबाझरी आहे, गोरेवाडा आहे, एनसीसीचं नौदल युनिट आहे. प्रश्न रास्तच आहे. पण राजेहो, त्या दोघी कोणत्या शिडावर जिंकल्या हे आपण विचारत नाही. दोघीही त्या होडीच्या सगळ्यात लहान शिडावर जिंकल्या. तेव्हा त्याला लेझर 4.7 म्हणत, आता आयएलसीए 4 म्हणतात. आपल्याकडे हा खेळ उभा करायचा असेल तर सुरुवात इथून करावी लागेल. नाहीतर होड्या येतील, फोटो निघतील आणि दोन वर्षांत पोट्टे पळून जातील.

आधी होडी समजून घेऊ. एकट्याने चालवायची, साधारण 4.2 मीटर लांब आणि 59 किलोची. गंमत अशी की खोका एकच, पण त्याला तीन मापांची शिडं लागतात. आयएलसीए 7 चं शीड 7.06 चौरस मीटर, आयएलसीए 6 चं 5.76 आणि आयएलसीए 4 चं 4.7. म्हणजे सगळ्यात लहान शीड मोठ्यापेक्षा एक तृतीयांशाने कमी. बदलायचं काय, तर शीड आणि डोलकाठीचा खालचा तुकडा. वरचा तुकडा तोच, आडवी काठी तीच, सुकाणू तेच.

आता वजनाचा संबंध. वारा शिडाला ढकलतो तशी होडी एका बाजूला कलते. ती सरळ ठेवायला चालवणारा पट्ट्यात पाय अडकवून काठाच्या बाहेर झुकतो. त्याचं वजन हाच त्या होडीचा तोल. दोघांच्या होडीत जड-हलक्याची जोडी लावून भागतं, एकट्याच्या होडीत ती सोय नाही. त्यात वाऱ्याचा हिशेब सरळ नाही. वारा दुप्पट झाला की जोर चौपट होतो. पंचेचाळीस किलोचं पोरगं मोठ्या शिडाखाली बसवा. मंद वाऱ्यात मजेत जाईल. वारा उठला की शर्यत विसरा, ते फक्त उलटायचं टाळत बसेल. दोरी सोडायची, शीड फडफडू द्यायचं, होडी पुढे जायच्या ऐवजी बाजूला घसरणार. यातून ते पोर एकच धडा शिकतं, की आपल्याला हे जमत नाही.

जमत नाही असं नसतं, बावा. शीड चुकलेलं असतं.

कुस्तीचा नाद असलेल्या महाराष्ट्राला हे समजायला जड जाऊ नये. कुस्तीत वजनगट असतात, काटा असतो. 2024 मध्ये पॅरिसला विनेश फोगट 100 ग्रॅम वजन जास्त भरलं म्हणून अंतिम लढतीआधी बाद झाली, तेव्हा अख्खा देश त्या काट्याबद्दल बोलत होता. या होडीच्या शर्यतीत काटा नाही. इथे वजनगटाचं काम शीड करतं. एकच शीड ठेवणं म्हणजे आखाड्यात एकच गट ठेवून सगळ्यांना त्यात उतरवण्यासारखं आहे. हलका मल्ल सव्वाशे किलोच्या मल्लासमोर हरला तर त्याला आपण कच्चा म्हणतो का?

पण शीड बदलायची सोय नसली की लोक पोराला बदलायला निघतात. हलक्याला म्हणतात, केळी खा, वजन वाढव. जड पोरीला म्हणतात, जेवण सोड. चौदा-पंधराव्या वर्षी, वाढत्या अंगाला, नागपूरच्या उन्हात! अंगावर वजन बांधून वेळ मारून नेऊ म्हणाल, तर नियमच आडवा येतो. शर्यतीचे नियम सांगतात की वजन वाढवण्यासाठी काहीही घालायचं-बाळगायचं नाही, आणि अंगावरचे कपडे व सामानही 8 किलोच्या वर नको. या खेळाने स्वतः जी पळवाट बंद केली, ती आपण पोरांच्या ताटातून का काढायची?

दोन आक्षेप येतात, दोन्हींचं उत्तर देतो.

पहिला आक्षेप: नागपुरात वारा असतोच किती? हिवाळ्यात मंद असतो, खरं आहे. अशा दिवशी पन्नास किलोच्या मुलीला मधलं शीड द्या, माझी ना नाही. पण एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर येणारं वावधान ज्याने पाहिलंय, त्याने हा आक्षेप घेऊ नये. पाच मिनिटांत आभाळ पालटतं. तेव्हा तळ्याच्या मधोमध झेपत नसलेल्या शिडाखाली अडकलेलं पोर, लाइफ जॅकेट असलं तरी, मला नको आहे.

दुसरा आक्षेप: ऑलिम्पिकला तर मोठंच शीड आहे, मग लहानावर वेळ कशाला घालवायचा? बरोबर, ऑलिम्पिकमध्ये पुरुषांना आयएलसीए 7 आणि महिलांना आयएलसीए 6. पॅरिसला आपले विष्णू सरवणन आणि नेत्रा कुमानन त्यातच होते. पण पुरुषांच्या त्या शिडावर ऐंशीच्या आसपास वजनाचे, पिळदार गडी असतात. पंधरा वर्षांचं पोर तिथे एका उडीत जात नाही. शिडं ही पायऱ्या आहेत. पहिलीच्या मुलाला दहावीचं पुस्तक देऊन कुणी बोर्डात आलं आहे का?

आणि जड पोरांचं काय? त्यांचाही अन्याय मांडायला हवा. फिन नावाची मोठी, भारी वजनाच्या पुरुषांची एकट्याची होडी 1952 पासून ऑलिम्पिकमध्ये होती. टोकियोनंतर ती काढून टाकली. आता पंचाण्णव किलोच्या गड्याला एकट्याच्या होडीत ऑलिम्पिकची वाटच उरली नाही. जगाच्या पातळीवरसुद्धा शिडाची निवड म्हणजे कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला बाहेर ठेवायचं याचा निर्णय असतो. तिथला निर्णय आपल्या हातात नाही. अंबाझरीच्या काठावरचा मात्र आहे.

सगळ्यात जास्त चीड येते ती मानपानाची. मोठं शीड म्हणजे मर्दाचं, लहान म्हणजे पोरीबाळींचं. अरे, शीड म्हणजे बुलेट आहे का? हर्षिताने जकार्तात त्याच लहान शिडावर मुलांना मागे टाकलं. वाऱ्याला तुमची मिशी दिसत नाही, फक्त वजन कळतं.

म्हणून महापालिका असो, नासुप्र असो की क्रीडा विभाग, उद्या नागपुरात जलक्रीडेसाठी पैसा मंजूर करणाऱ्या प्रत्येकाला तीन गोष्टी सांगायच्या आहेत.

1. होड्यांची संख्या मोजू नका, शिडं मोजा. दहा होड्या आणि दहा मोठी शिडं घेण्यापेक्षा सहा होड्या घ्या आणि प्रत्येकीला तिन्ही शिडं, खालच्या तिन्ही काठ्यांसह. नव्या होडीच्या मानाने हा खर्च थोडा आहे.

2. कुणाला कोणतं शीड, हे वजन, ताकद आणि त्या दिवसाचा वारा बघून काठावर ठरू द्या. साधारण 55 किलोच्या आत लहान, तिथून सत्तरीपर्यंत मधलं, पंचाहत्तरच्या पुढे मोठं. वय, मुलगा-मुलगी, ओळखपाळख यावर नाही.

3. वजन बघायचं ते शीड निवडायला. पोराला घरी पाठवायला नाही, उपाशी ठेवायला तर नाहीच.

पालकांनाही सांगतो. पोर तळ्यावरून रडत आलं तर त्याला धीर देण्याआधी शिकवणाऱ्याला एक प्रश्न विचारा: आज त्याला कोणतं शीड दिलं होतं? उत्तर "एकच आहे" असं आलं, तर कमी तुमच्या पोरात नाही.

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर खाली लिहा, भांडू. पण मुद्द्यावर.