जिव्हेचे वळण आणि शास्त्राचे मनन



घरात भात शिजवावयाचा असला म्हणजे गृहिणी तांदूळ आधी सुपात घेते, पाखडते, खडे वेचते आणि मगच आधणात वैरते. एखादा खडा नजरचुकीने राहिला तर जेवणाऱ्याच्या दाताखाली येतो व साऱ्या घासाची गोडी जाते, हे तिला ठाऊक असते. परंतु दिवसभर आपल्या मुखावाटे जे शब्द बाहेर पडतात, ते असे पाखडून कोण घेतो? पानात वाढावयाच्या अन्नाची जितकी काळजी, तितकी काळजी दुसऱ्याच्या कानात घालावयाच्या शब्दांची आपण घेतो काय? या आठवड्यात याच गोष्टीचा आपणांबरोबर थोडा विचार करावा, असे आम्ही योजिले आहे.

प्रेषित संत याकोब याने आपल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात जिव्हेचे जे वर्णन केले आहे, ते शेतकऱ्याला व कोळ्याला सारखेच समजावे असे आहे. घोड्याच्या तोंडातील लगाम लहान, पण त्याने सारे जनावर वळते. तारवाचे सुकाणू लहान, पण त्याने वाऱ्यातही तारू दिशा धरते. आणि ठिणगी लहान, पण तिने सारे रान पेटते. चैत्र-वैशाखात डोंगरावरचे गवत वाळले असता कोणी विझवल्यावाचून फेकलेल्या विडीने काय होते, हे आपणांपैकी पुष्कळांनी पाहिले असेल. विडी टाकणारा तोवर दोन कोस पुढे गेलेला असतो. आग विझवावयास धावतात ते दुसरेच. शब्दांचेही तसेच आहे. बोलणारा बोलून जातो, आणि भाजतो तो भलताच.

देवाच्या आठव्या आज्ञेने खोटी साक्ष देऊ नये असे सांगितले आहे. पुष्कळांस वाटते की, ही आज्ञा कोर्टकचेरीपुरती आहे. आपण कधी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहिलो नाही, तेव्हा आपण निर्दोष. परंतु १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथात या आज्ञेखाली तीन निरनिराळी पापे वेगवेगळी करून दाखविली आहेत, आणि ती तिन्ही आपल्या ओसरीवर, पाणवठ्यावर व बसथांब्यावर नित्य घडत असतात. पहिले पाप, पुरेसा आधार नसता दुसऱ्याचा दोष मनात खरा धरून चालणे. दुसरे, दुसऱ्याचा खरा दोष काही रास्त कारण नसता, ज्याला तो ठाऊक नाही त्याला जाऊन सांगणे. आणि तिसरे, खोटा आळ घेऊन दुसऱ्याचे नाव बुडविणे.

यांतले तिसरे पाप सर्वांनाच पाप वाटते. पहिले पुष्कळदा आपल्या ध्यानातही येत नाही. पण सर्वांत अधिक फसविते ते दुसरे. 'आम्ही काही खोटे सांगत नाही, जे खरे तेच बोललो,' असे म्हणून मनुष्य मोकळा होतो. शेजाऱ्याचे सोसायटीचे कर्ज थकले, हे खरे असेल. पण ते चार घरी जाऊन सांगितल्याने त्याचा एक तरी हप्ता फिटतो काय? उलट उद्या त्याला बियाण्यासाठी उसने देणारा हात आखडतो. सत्य असणे एवढ्यानेच एखादी गोष्ट बोलण्याजोगी होत नाही. ती कोणाला, कशासाठी आणि कोणत्या भावनेने सांगावयाची, हेही पाहावे लागते.

आता एक उदाहरण घेऊ. एखाद्या मुलीची सोयरीक जुळत आलेली असते. दोन्ही घरी आनंद असतो. इतक्यात कोणी बाजाराच्या दिवशी सहज म्हणून जातो, 'मुलगी चांगली आहे हो, पण शहरात नोकरीला होती तेव्हाचे काही कानावर आले होते.' बस, एवढेच. 'काय आले होते' हे त्याने सांगितलेले नसते, आणि पुष्कळदा ते त्यालाही ठाऊक नसते. पण सोयरीक मोडते. मुलीचा बाप सणासुदीला देवळात मागच्या बाकावर बसू लागतो, आई विहिरीवर जाण्याची वेळ बदलते, आणि ती मुलगी आपला कोणता अपराध झाला हे शोधीत राहते. अशा घरी पाऊल टाकताना आम्हा धर्मगुरूंसही शब्द सुचत नाहीत.

असे बोलणाऱ्याने पुढे पश्चात्ताप केला आणि पापनिवेदन केले, तर देव क्षमा करतो, यात शंका नाही. परंतु ख्रिस्तसभेची शिकवण एवढ्यावर थांबत नाही. चोरलेली म्हैस गोठ्यात बांधून ठेवून चोरीची क्षमा मागता येत नाही; ती मालकाच्या दारी नेऊन सोडावी लागते. तद्वत ज्याचे नाव आपण घालविले, ते त्याला परत मिळवून देण्याचा शक्य तितका यत्न करणे हे आपले कर्तव्य आहे. ज्या ज्या घरी बोललो, त्या त्या घरी जाऊन 'आम्ही बोललो ते निराधार होते' असे सांगावे लागते. हे मानी मनुष्याला कठीण जाते. म्हणूनच आधी जीभ आवरणे अधिक सोपे, असे आम्ही म्हणतो.

अलीकडे या कामी मोबाइलची भर पडली आहे. पूर्वी एखादी चहाडी वाडीच्या वेशीपर्यंत पोहोचावयास संध्याकाळ होई; आता ती कोणी एका बोटाने पुढे ढकलताच घटकेत शंभर घरी जाते. 'आम्ही लिहिले नाही, आले ते पुढे पाठविले,' हे समर्थन देवापुढे चालणारे नाही. पेटते लाकूड दुसऱ्याने दिले म्हणून ते शेजाऱ्याच्या छपरावर ठेवणारा निर्दोष ठरतो काय?

मग काय, मुकेच बसावे? नाही. संत पौलाने इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात अभद्र भाषण वर्ज्य करावयास सांगितले, पण तेथेच तो थांबला नाही. ऐकणाऱ्याची उन्नती होईल, त्याला कृपा लाभेल, असे प्रसंगोचित बोलावे, असा त्याचा आशय आहे. शेजाऱ्याचा खरोखरच अपराध झाला असेल, तर काय करावे हेही प्रभूने मत्तयाच्या शुभवर्तमानात अठराव्या अध्यायी सांगून ठेविले आहे. प्रथम त्याच्याकडे एकट्याने जावे. न ऐकल्यास एकदोघांना बरोबर न्यावे. तरीही न ऐकल्यास मंडळीस सांगावे. आपण मात्र बहुधा हा क्रम उलटा करतो. प्रथम साऱ्या गावाला सांगतो, मग एकदोघांना, आणि ज्याचा अपराध त्याला अखेरपर्यंत काहीच सांगत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. चांगला शब्द मुखात येतो कोठून? अंतःकरणात जे भरून राहिले असेल तेच मुखावाटे बाहेर पडते, हे प्रभूनेच शिकविले आहे. कणगीत नाचणी भरली असता तोंड उघडल्यावर गहू कसा निघावा? म्हणून जिभेला आवर घालणे हे अर्धेच काम झाले. उरलेले अर्धे म्हणजे अंतःकरणात देवाचे वचन साठविणे. याच कारणासाठी पवित्र शास्त्राचे वाचन व मनन अगत्याचे आहे.

परंतु येथेही एक धोका आहे आणि तो स्पष्ट सांगितला पाहिजे. रानात प्रभूची परीक्षा पाहावयास सैतान आला, तेव्हा त्याच्या तोंडी शास्त्रवचनच होते. त्याने एक्याण्णवाव्या स्तोत्रातील देवदूतांचे अभिवचन पुढे केले. पण मत्तयाचे शुभवर्तमान आणि ते स्तोत्र शेजारी शेजारी ठेवून वाचा. मनुष्याच्या सर्व मार्गांत देवदूत त्याला सांभाळतील, हा भाग सैतानाने वगळला आहे. आणि सर्पाला पायाखाली तुडविण्याची गोष्ट पुढच्याच ओळीत येते, तेथवर तर तो गेलाच नाही! प्रभूने त्याला तिन्ही वेळा उत्तर दिले ते अनुवादाच्या पुस्तकातून, पूर्ण अर्थ जाणून. तेव्हा शास्त्रातील वचन मुखात असणे ही काही भक्तीची खूण नव्हे. ते कशासाठी मुखात घेतले, यावर सारे आहे.

हाच दोष आपल्या घरातही शिरतो. इफिसकरांस लिहिलेल्या त्याच पत्राच्या पाचव्या अध्यायातून पत्नीने पतीच्या अधीन असावे एवढेच वाक्य उचलून कोणी पती ते घरात काठीसारखे उगारतो. पण त्याच्या आधीची ओळ परस्परांच्या अधीन राहावयास सांगते, आणि थोडे पुढे, ख्रिस्ताने जसे ख्रिस्तसभेसाठी स्वतःला अर्पिले तशी प्रीती पतीने पत्नीवर करावी, अशी आज्ञा आहे. सहाव्या अध्यायातील मुलांनी आज्ञा पाळावी हे बापाला पाठ असते; बापाने मुलांना चिडीस आणू नये, हे तीन ओळी पुढचे वचन त्याला कधी आठवत नाही. काम न करणाऱ्याने खाऊ नये, असे म्हणून घरातील थकल्या म्हाताऱ्याला घास मोजून देणारेही आढळतात. संत पौलाने ते काम करावयास राजी नसणाऱ्यांविषयी थेस्सलनीकाकरांस लिहिले होते, काम करू न शकणाऱ्यांविषयी नव्हे. अर्धे वचन हे अर्ध्या खोट्यासारखेच घातक असते.

म्हणून शास्त्राभ्यास विश्वासूपणे करावा, म्हणजे मागचे-पुढचे पाहून, ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीच्या प्रकाशात आणि प्रार्थनापूर्वक करावा. प्रेषितांच्या कृत्यांत आठव्या अध्यायी इथिओपियाचा एक मोठा अधिकारी रथात बसून यशयाचा ग्रंथ वाचीत असल्याची कथा आहे. वाचलेले समजते काय, असे फिलिपाने विचारता, कोणी वाट दाखविल्यावाचून कसे समजावे, असे त्याने निःसंकोच कबूल केले. इतक्या थोर मनुष्याला विचारावयास लाज वाटली नाही, ती आपणांस का वाटावी?

बायबल वाचणे हे पाद्रींचे काम, आपण जपमाळ केली म्हणजे झाले, असा एक समज आपल्या जुन्या घरांतून अजून आढळतो. तो ख्रिस्तसभेचा नव्हे. द्वितीय व्हॅटिकन महासभेने १८ नोव्हेंबर १९६५ रोजी प्रसिद्ध केलेल्या ईश्वरी प्रकटीकरणाविषयीच्या लेखात सर्व श्रद्धावंतांना शास्त्राचे वारंवार वाचन करण्याचा आग्रह केला आहे, आणि वाचनाला प्रार्थनेची जोड द्यावी असेही सांगितले आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली, ३० सप्टेंबर या संत जेरोमच्या सणाच्या दिवशी, सामान्य काळाचा तिसरा रविवार देवशब्दाचा रविवार म्हणून नेमून दिला. संत जेरोमने बायबल लॅटिन भाषेत आणण्यात आयुष्य वेचिले. तरी इतका मोठा शास्त्री असूनही त्याची लेखणी वादात फार तिखट चाले व जुन्या मित्रांशीही त्याचे तीव्र खटके उडाले, हे इतिहासात नमूद आहे. नुसत्या विद्येने जीभ गोड होत नाही. त्यासाठी वचन आधी आपल्यालाच लावून घ्यावे लागते.

आमच्या मराठी भाषेपुरते पाहिले, तर या बाबतीत आमचे पूर्वज आम्हांहून उणे नव्हते. मूळचे इंग्लंडचे येशूसंघीय धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले आणि साष्टीत राहून त्यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण रचिले. जुने पुराणग्रंथ सुटलेल्या नवख्रिस्ती लोकांना आपल्या भाषेत शास्त्रकथा ऐकावयास मिळाव्या, हा त्यांचा हेतू. १६१६ साली ते राचोल येथे छापले गेले, पुढे १६४९ व १६५४ साली पुन्हा छापले गेले, आणि रविवारी व सणावारी देवळांतून मोठ्याने वाचले जाई. त्या जुन्या छापील प्रती काळाने गिळल्या. पण हाताने लिहून काढलेल्या पोथ्या टिकल्या, आणि त्यांवरूनच १९०७ साली मंगळूर येथे तो ग्रंथ पुन्हा छापला गेला. ज्यांनी दिव्याच्या उजेडात एकेक ओवी उतरून घेतली, त्यांच्या वंशजांना आयते पुस्तक उघडावयास वेळ नसावा काय?

आपणांपैकी कोणी बेळगाव-खानापुराकडे राहतात, कोणी गोव्यात, कोणी इंदूर-वडोदऱ्यास. देवळात पुष्कळदा कोकणी, कन्नड, हिंदी वा इंग्रजी कानी पडते. तरी घरातले रागाचे व लोभाचे बोलणे मराठीतच होते. ज्या भाषेत मनुष्य भांडतो त्याच भाषेत त्याने शास्त्र वाचावे, असे आम्हांस वाटते. कारण जी जीभ बरी व्हावयाची, औषध तिलाच लागले पाहिजे.

आता थोडे व्यवहाराचे. संध्याकाळी जपमाळेनंतर पाव घटका पुरे. प्रथम मार्कचे शुभवर्तमान घ्यावे. ते सोळा अध्यायांचे आहे, दररोज एक वाचला तर सोळा दिवसांत पुरे होते. मग याकोबाचे पाच अध्यायांचे पत्र घ्यावे. नीतिसूत्रांचे एकतीस अध्याय महिन्याच्या एकेका तारखेला एकेक असे सहज बसतात, आणि त्यांत जिभेविषयी जागोजाग सांगितले आहे. शाळेत जाणाऱ्या मुलाने मोठ्याने वाचावे. आजीला अक्षर येत नसेल तरी तिने ऐकावे. पवित्र मरियेनेही ऐकलेले सारे अंतःकरणात जपून ठेविले होते, असे लूक दोनदा सांगतो. वाचून झाल्यावर एवढेच विचारावे: हे कोणाला व कशासाठी सांगितले आहे? आणि यामुळे उद्या माझे कोणते बोलणे बदलावे? न कळलेले कागदावर टिपून रविवारी मिस्सानंतर आम्हांस विचारावे. कितीही साधा प्रश्न असो, त्याचा आम्हांस कंटाळा येणार नाही.

आणि एक विनंती. या आठवड्यात प्रत्येकाने आपल्या मनाशी एकच नाव काढावे, ज्याच्याविषयी आपण बोलू नये ते बोललो. रविवारच्या आत त्याच्या बाजूने निदान एक चांगला शब्द, जेथे वाईट बोललो तेथेच, बोलून यावे.

मिस्सामध्ये शुभवर्तमान वाचले जाण्यापूर्वी आपण कपाळावर, ओठांवर आणि छातीवर अंगठ्याने क्रुसाची लहान खूण करतो. देवाचे वचन आमच्या बुद्धीत, मुखात आणि हृदयात राहो, असा तिचा अर्थ. येत्या रविवारी ती खूण घाईने उरकू नका. अंगठा ओठांवर आला की क्षणभर थांबा, आणि त्या ओठांनी आठवडाभर काय केले ते स्मरा.