फरगिव्ह म्हणजे विसरणे नव्हे

आमच्या बाईंनी फळ्यावर एक इंग्रजी शब्द लिहिला. फरगिव्ह. त्याचा अर्थ क्षमा करणे, माफ करणे. मग फरगिव्ह, फरगेव्ह, फरगिव्हन अशी तीन रूपे आम्ही पाठ केली. पण नुसतं पाठ करून शब्द येत नाही, हे मला नंतर कळलं.

त्याच आठवड्यात माझ्या हातून मैत्रिणीच्या परिसर अभ्यासाच्या वहीवर पाणी सांडलं. ती रडली. कट्टी झाली. मी ऐटीत इंग्रजीतून चिठ्ठी लिहिली, "प्लीज फरगेट मी." तिने घरी दादाला अर्थ विचारला. तो म्हणाला, "अगं, ती म्हणतेय, मला विसरून जा." मग तर कट्टी आणखी दोन दिवस वाढली!

बाईंनी दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहून दाखवले. सुरुवात सारखीच. पण एकात शेवटी 'गेट' आहे, म्हणजे मिळणे. दुसऱ्यात 'गिव्ह' आहे, म्हणजे देणे. आपण मराठीतही माफी देणे असं म्हणतोच. चूक करणारा सॉरी म्हणतो. फरगिव्ह करायचं ते ज्याचं नुकसान झालं त्याने. म्हणून "सॉरी म्हटलं ना, आता बोल की" असा हट्ट धरणे बरोबर नाही. देणाऱ्याला वेळ लागतो.

कर्ज माफ करणे यालाही इंग्रजीत फरगिव्ह म्हणतात. २०१९ साली आपल्या राज्य सरकारने शेतकऱ्यांचे २ लाख रुपयांपर्यंतचे पीककर्ज माफ करण्याची योजना जाहीर केली होती. आजोबा म्हणतात, "कर्ज माफ झालं की बँक ते परत मागत नाही. पण कर्ज काढलं होतं हे शेतकरी विसरत नाही." मला वाटतं, चुकीचंही तसंच आहे. फरगिव्ह केलं म्हणजे ती चूक खात्यातून खोडली. पुन्हा भांडण झालं की "तेव्हा तू माझी वही भिजवलीस" असं काढायचं नाही. जो काढतो त्याने माफ केलेलंच नाही, नुसतं तोंडाने म्हटलं.

मी तिची भिजलेली १४ पानं नव्या वहीत उतरवून दिली. हात दुखला. तिने काही न बोलता मला मूठभर शेंगा दिल्या आणि बट्टी झाली. ती विसरलेली नाही. पण टोमणाही मारत नाही. हेच खरं फरगिव्ह.

आज शाळेत आलेल्या आईबाबांनाही एक विनंती आहे. आमच्या चुका एकदा माफ केल्यात ना? मग त्या पाहुण्यांसमोर परत काढू नका.

– इयत्ता ४ थी