देवगावच्या तहात रयत कुठे होती?

वर्ध्याजवळच्या नालवाडीहून पश्चिमेला निघाले की पुलगावनंतर वर्धा नदी लागते आणि ती ओलांडली की अमरावती जिल्हा सुरू होतो. दोन्ही काठांवर तीच काळी माती, तोच कापूस, तीच बोली. अकबराच्या काळी पवनार हे वऱ्हाड सुभ्यातलेच एक सरकार होते, म्हणजे नदीच्या अलीकडचा हा मुलूखही तेव्हा वऱ्हाडातच मोडत होता. वर्धा नदी दोन राज्यांमधली सरहद्द झाली ती १७ डिसेंबर १८०३ रोजी. त्या दिवशी गाविलगडाजवळच्या देवगावच्या छावणीत एक तह झाला.

त्याआधीचे तीन महिने नागपूरकर भोसल्यांसाठी एकामागून एक पराभवांचे होते. सप्टेंबरात असई गेली, २९ नोव्हेंबरला अडगाव गेले आणि १५ डिसेंबरला गाविलगड पडला. गड लढवताना किल्लेदार बेनीसिंग मारला गेला. त्यानंतर दोनच दिवसांत दुसऱ्या रघूजींचे वकील यशवंतराव रामचंद्र यांना ईस्ट इंडिया कंपनीचा सेनानी आर्थर वेलस्लीपुढे तह मान्य करावा लागला. बालासोर बंदरासह कटक प्रांत कंपनीला गेला. वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडावा लागला. गाविलगड आणि नरनाळा हे दोन किल्ले व त्यांच्या लगतचा चार लाखांच्या वसुलाचा प्रदेश एवढेच तिकडे भोसल्यांकडे राहिले. निजामावरचे हक्कही सोडावे लागले. शिवाय भोसल्यांच्या मांडलिकांशी कंपनीने युद्धकाळात केलेले करार मान्य करण्याचे एक कलम होते. त्याची खरी व्याप्ती सहीनंतर उघड झाली आणि ओरिसातल्या संबळपूर, पाटण्याकडचे मांडलिकही हातचे गेले. रघूजींनी त्यावर जोरदार तक्रार केली. १८०६ मध्ये गव्हर्नर जनरल जॉर्ज बार्लोच्या कारकिर्दीत तिथला बराचसा मुलूख परत मिळाला, म्हणजे ते कलम अवाजवी होते हे कंपनीनेच एका परीने कबूल केले.

कंपनी अन्यायी आणि भोसले निरपराध, एवढ्यावर थांबणे मात्र प्रामाणिकपणाचे होणार नाही. कंपनीने घेतलेले कटक भोसल्यांकडे आले होते तेही अशाच एका तहाने. बंगालवर वर्षानुवर्षे स्वाऱ्या करून १७५१ मध्ये पहिल्या रघूजींनी नवाब अलीवर्दीखानाकडून ओरिसाचा ताबा आणि चौथाईपोटी सालीना बारा लाख रुपये मिळवले. बंगालच्या लोकस्मृतीत बर्गींची, म्हणजे मराठी घोडेस्वारांची, दहशत अजून जिवंत आहे. मराठी वाचकाने ती बाजूही वाचायला हवी.

खर्ड्याची गोष्ट तर याहून बोलकी आहे. मार्च १७९५ मध्ये मराठी फौजांनी निजामाला खर्ड्याला नमवले. दुसरे रघूजीही त्या मोहिमेत होते. दौलताबादसह मोठा मुलूख, कोट्यवधींची खंडणी आणि ओलीस म्हणून खुद्द निजामाचा दिवाण, अशा अटी लादल्या गेल्या. पुढे पुण्यातल्या यादवीत त्या सैल झाल्या, पण अपमान राहिला. त्या लढाईत तटस्थ राहिलेल्या कंपनीच्याच तैनाती फौजेचा आसरा निजामाने १७९८ मध्ये घेतला. पाच वर्षांनी निजामाचे तेच राज्य कंपनीचे दोस्त म्हणून युद्धात होते आणि देवगावला भोसल्यांनी सोडलेले वऱ्हाड १८०४ मध्ये त्याच्याच पदरात पडले. खर्ड्याला संयम दाखवला असता तर सारा इतिहास बदलला असता असे म्हणता येणार नाही. पण निजामाला शत्रूच्या दारात ढकलण्यात त्या अटींचा वाटा होता, हे नाकारता येत नाही.

या सगळ्यात वऱ्हाडच्या कुणब्याला कोणी विचारले? निजामाच्या अमलात तिथला वसूल मक्त्याने दिला जाऊ लागला. ज्याने जास्त बोली लावली तो जास्त पिळणार, हे ठरलेलेच होते. फौजेच्या खर्चाचे कर्ज फिटेना, म्हणून १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड कंपनीकडे लावून दिले. नदीच्या अलीकडेही शांतता टिकली नाही. १८१७ च्या नोव्हेंबरात अप्पासाहेब भोसले सीताबर्डीला लढले आणि हरले, मग आणखी कडक अटी आल्या. १८५३ मध्ये तिसरे रघूजी वारले आणि पुढच्याच वर्षी नागपूरचे राज्य खालसा झाले. अर्ध्या शतकात ना भोसल्यांचे राज्य उरले, ना निजामाच्या हाती वऱ्हाड. तहाचा खरा लाभ एकट्या कंपनीला झाला.

विसाव्या शतकात हेच युरोपात घडले. व्हर्सायला मे १९१९ मध्ये जर्मनीपुढे जवळजवळ तयार मसुदाच ठेवला गेला आणि १९२१ मध्ये १३,२०० कोटी सुवर्ण मार्कांची भरपाई मुक्रर झाली. वीस वर्षांत दुसरे महायुद्ध उभे राहिले. त्याला एकटा व्हर्सायचा तह कारण नव्हता, पण हिटलरच्या प्रचाराला त्याने आयते इंधन पुरवले. ते सुरू झाले तेव्हा, सप्टेंबर १९३९ मध्ये, काँग्रेस कार्यकारिणी वर्ध्यातच बसली होती. पहिल्या महायुद्धात जेत्यांनी स्वातंत्र्याची भाषा केली आणि त्याच वेळी मुलूख वाटून घेण्याचे गुप्त करार केले, याची आठवण करून देत तिने ब्रिटनला युद्धाचे हेतू स्पष्ट करायला सांगितले. नालवाडीत काही वर्षे सूतकताईचे प्रयोग करून पवनारला गेलेले विनोबा ऑक्टोबर १९४० मध्ये युद्धविरोधी भाषण करून पहिले वैयक्तिक सत्याग्रही झाले.

हरलेल्यावर अपमानाच्या अटी लादू नयेत, हा विचार स्वतंत्र भारताने कृतीत आणला. जपानशी सॅन फ्रान्सिस्कोला १९५१ मध्ये झालेल्या तहात तो सामील झाला नाही. ९ जून १९५२ रोजी त्याने जपानशी वेगळा तह केला आणि युद्धभरपाईचा हक्क सोडून दिला. हरलेल्या देशाला सन्मानाने उभे राहू देण्याचा तो निर्णय दूरदृष्टीचा होता आणि दोन्ही देशांच्या पुढच्या मैत्रीला त्याने बळ दिले.

आज युक्रेनचा कोणता प्रदेश कोणाकडे राहावा याची चर्चा परक्या राजधान्यांत होते. अशा वाटाघाटींत भारत केवळ शांततेचे आवाहन करून थांबू नये. जिथे सरहद्द आखली जाणार आहे तिथल्या लोकांची संमती घ्या आणि प्रत्येक कलम सहीपूर्वी उघड करा, असा आग्रह त्याने जाहीरपणे धरावा. तो धरण्याचा अधिकार १९५२ च्या तहाने त्याला दिलेला आहे.