'नो सिग्नल' म्हणजे काय रे भाऊ?

शनिवारचे चार तास मी एका निळ्या पडद्यासमोर घालवले. पडद्यावर दोनच शब्द: 'नो सिग्नल'.

काम साधं होतं. आत्याच्या लग्नाची 2003 सालची मिनीडीव्ही टेप कॉम्प्युटरवर घ्यायची होती. आजोबा 2006 मध्ये गेले. त्यांचा आवाज आमच्याकडे फक्त त्या टेपमध्ये आहे. फायरवायर हा सरळ रस्ता, पण माझ्या लॅपटॉपला ते पोर्टच नाही. म्हणून यूएसबीचं कॅप्चर डबडं आणलं. कॅमेऱ्याची मूळ केबल हरवलेली, म्हणून तपकीर गल्लीतून तशीच दिसणारी दुसरी घेतली. पिवळ्यात पिवळी, लालमध्ये लाल, पांढऱ्यात पांढरी. नो सिग्नल. ड्रायव्हर काढला, परत टाकला. नो सिग्नल. बाबा दर अर्ध्या तासाने "आलं का रे?" विचारून जात होते.

शेवटी वैतागून लाल पिन पिवळ्या सॉकेटात खुपसली आणि चक्क चित्र आलं! कॅमेऱ्याकडच्या साडेतीन मिलिमीटरच्या पिनला चार भाग असतात आणि व्हिडिओ कुठल्या भागावर, याचा क्रम सगळ्या कंपन्यांचा सारखा नसतो. माझ्या पिवळ्या तारेतून आवाज जात होता. पण हे डब्याच्या माहितीपत्रकात एका ओळीनेही नाही.

चित्र आलं ते काळं-पांढरं आणि वरखाली पळणारं. कारण सॉफ्टवेअर मुळातच एनटीएससीवर, म्हणजे 525 रेषांवर. आपला कॅमेरा पाल, 625 रेषा. तो पर्याय तीन मेनू खोल दडवलेला.

आता कोणी म्हणेल, स्वस्तातलं घेतलंस, भोग! नाही पटत, मंडळी. असल्या डब्यांतल्या डीकोडर चिपला 50 हर्ट्झ येतंय की 60, हे कळतं. लिनक्सच्या व्हिडिओ इंटरफेसमध्ये तर सिग्नल नाही, सिंक नाही, रंग नाही, कॉपी-संरक्षण आहे, अशा वेगवेगळ्या खुणाच ठरवून दिलेल्या आहेत. म्हणजे माहिती हाताशी असते. ती माणसापर्यंत पोचवायचा कंटाळा प्रोग्रामरला येतो. 'सिंक सापडत नाही, दुसऱ्या रंगाची पिन लावून बघा' एवढं लिहायला कितीसा वेळ लागतो?

आणि हा प्रोग्रामर कोणी परका नाही. तो मीच आहे. गेल्याच महिन्यात मी नऊ वेगवेगळ्या चुकांना मिळून एकच 'समथिंग वेंट राँग' लावून रिलीज गाठली. माझ्यामुळे कोणाचा शनिवार गेला असेल, देव जाणे. मी निदान इंजिनियर, चार तासांनी का होईना सुटलो. बाबा एकटे असते तर "टेप खराब झाली वाटतं" म्हणून त्यांनी ती कपाटात परत ठेवून दिली असती. टेप शाबूत होती. खोटं बोलत होता तो संदेश.

सोमवारी ऑफिसात गेलात की आपापल्या कोडमधला असा एक तरी संदेश शोधा आणि खरं काय ते लिहा. मी नऊ लिहिणार आहे.

असो. आजोबा टेपमध्ये कॅमेरावाल्यावर ओरडतायत, "अरे, आधी जेवून घे!" बाबांनी ते सहा वेळा ऐकलं.