आधी पान उलटून पाहा

पावसाळा सरला की जास्वंदीच्या शेंड्यांवर पिठ्या ढेकणाचे पांढरे पुंजके दिसू लागतात, मिरचीची पानं आकसतात, वालाच्या शेंगा काळ्या माव्याने भरून जातात. घाबरून आपण कीटकनाशकाची बाटली आणतो, अंदाजाने फवारतो आणि चार दिवसांनी त्याच कुंडीतली मिरची फोडणीत टाकतो. घरच्या बागेत हे करू नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी दगावले, आणि ती माणसं तर रोज शेतात राबणारी होती. आपल्या गच्चीवर मुलं खेळतात, धुणं वाळत असतं, पाण्याची टाकीही तिथेच असते.

कीड बहुधा पानाच्या खालच्या बाजूला असते. सकाळी पाणी घालताना दोन-चार पानं उलटून पाहायची सवय लावा. कीड थोडी असेल तर बोटांनी चिरडा, पाण्याच्या जोरदार धारेने धुऊन काढा, फार भरलेला शेंडा कापून साबणाच्या पाण्यात बुडवा. एवढ्यावर पुष्कळदा भागतं.

मग मुंग्यांकडे पाहा. मावा आणि पिठ्या ढेकूण गोड चिकटा बाहेर टाकतात. तो मिळावा म्हणून मुंग्या त्यांची राखण करतात, त्यांना खाणाऱ्या किड्यांना हुसकावून लावतात. पानांवर काजळी धरते तीही याच चिकट्यावर. खोडाला कागदाची पट्टी गुंडाळून तिच्यावर ग्रीस लावा आणि भिंतीला किंवा शेजारच्या झाडाला टेकलेल्या फांद्या छाटा. मुंग्यांची वाट बंद झाली की निम्मं काम झालं.

आता सर्वांत महत्त्वाचं. सगळेच किडे वैरी नसतात. लाल-नारिंगी, काळ्या ठिपक्यांचा ढालकिडा मावा खातो हे अनेकांना माहीत असतं, पण त्याची अळी ओळखता येत नाही. ती लांबट, काळपट, अंगावर नारिंगी डाग असलेली आणि चटचट चालणारी असते. दिसायला भयंकर, म्हणून लोक तिलाच आधी मारतात. क्रिप्टोलिमस नावाच्या ढालकिड्याची अळी तर पांढऱ्या मेणचट झुबक्यांनी झाकलेली, थेट पिठ्या ढेकणासारखीच दिसते. फरक असा की ती ढेकणापेक्षा मोठी असते आणि भराभर फिरते. ती दिसली तर त्या झाडावर काहीही फवारू नका.

या मित्रांची ताकद आपल्या देशाने पाहिली आहे. २००८ साली तमिळनाडूत पपईवर परदेशी पिठ्या ढेकूण आढळला आणि नंतर महाराष्ट्रातल्या बागांतही पोचला. कीटकनाशकं फवारूनही तो हटेना. २०१० मध्ये पोर्तो रिकोतून असेरोफॅगस पपायी ही अगदी बारीक गांधीलमाशी आणून सोडली गेली. ती ढेकणाच्या अंगात अंडी घालते. तिने तो ढेकूण आटोक्यात आणला.

फवारणी करायचीच झाली तर निंबोळी अर्क करा. जून-जुलैत गळालेल्या निंबोळ्या गोळा करून, गर धुऊन, सावलीत वाळवून ठेवा. लागेल तेव्हा ५० ग्रॅम बियांची भरड पूड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, फडक्यातून गाळा, चिमूटभर साध्या साबणाचा चुरा विरघळवा आणि त्याच दिवशी वापरून टाका. भांडी घासायचा किंवा कपड्यांचा डिटर्जंट नको, पानं करपतात. फवारणी संध्याकाळीच करा, कारण कडुनिंबातलं अझाडिरॅक्टिन उन्हात लवकर निकामी होतं. सकाळी किडी मेलेल्या दिसल्या नाहीत म्हणून नाराज होऊ नका. या अर्काने किडीचं खाणं मंदावतं, कात टाकणं अडतं. आठ-दहा दिवसांनी पुन्हा फवारा, आणि कीड असलेल्याच झाडावर.

तंबाखूचा काढा मात्र घरी करू नका. निकोटिन हे जहाल विष आहे, ते वनस्पतीतून आलं म्हणून निरुपद्रवी ठरत नाही.

कुंड्यांत दाटी नको, शेणखत कुजलेलं हवं, युरियाचा मारा टाळा. नत्र जास्त झालं की झाडाला लुसलुशीत फूट येते आणि मावा तिच्यावरच तुटून पडतो. चार पानं कुरतडलेली दिसली तरी चालतील, पण जी भाजी आपल्या मुलांच्या ताटात जाणार आहे तिच्यावर विष मारू नका.